वर्गाचा आकार आणि अभ्यासाची जागा



बी.ए. मराठीला प्रवेश घेतल्यावर नवे विद्यार्थी दोन प्रश्न हमखास विचारतात : वर्गात किती जण असतात आणि राहण्याची सोय आहे का? दुसऱ्याचे उत्तर सरळ आहे. या शिक्षणक्रमाला वसतिगृह नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या मुक्त विद्यापीठाचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असे आहे. ती घरी येते खरी; पण तिच्यासाठी घरात जागा तुम्हालाच करावी लागते.

ही गोष्ट किरकोळ नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढले. दिवा, बसायला जागा आणि शिकणारे सोबती मिळाले नाहीत, तर नुसत्या शाळेचा उपयोग नाही, हे दोघांनीही ओळखले होते. दूरशिक्षणात या तिन्हींची व्यवस्था विद्यार्थ्याकडे येते.

दापोडीचेच उदाहरण घ्या. कोणी एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत, कोणी भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करणारा. घर दोन खोल्यांचे, त्यात दूरदर्शन संच, मुले, वडीलधारी मंडळी. ‘रोज रात्री नऊ ते अकरा’ असे वेळापत्रक तिथे आठवडाभरही टिकत नाही, कारण पुढच्या आठवड्यात पाळी बदलते. म्हणून अभ्यास घड्याळाला न बांधता पाळीला बांधावा : पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी, रात्रपाळीच्या आठवड्यात झोप झाल्यावर दुपारी. गृहिणींना तर पाळी संपण्याचीही सोय नसते. त्यांनी आपली वेळ घरच्यांना स्पष्ट सांगावी, मागू नये. जागा लहान चालेल, पण ठरलेली असावी. पुस्तके रोज कपाटातून काढून पुन्हा आवरावी लागली, की अभ्यास चुकायला निमित्त मिळते.

वेळेचा हिशेबही आधी करून ठेवा. एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे चार श्रेयांकांच्या एका विषयाला १२० तास. ते २४ आठवड्यांत विभागले, तर आठवड्याला ५ तास. विषय जितके, तितक्या पटीने हे तास वाढतात. यातला फार थोडा भाग संपर्कसत्रांत भागतो.

आता वर्गाविषयी. पहिल्या संपर्कसत्राला दालन भरलेले असते. पुढे, माझ्या अनुभवात, पाच-सहा जण उरतात. मला स्वतःला हा लहान वर्ग अधिक आवडतो. साठ जणांत शंका विचारायला संकोच वाटतो. सहा जणांत प्रत्येकाला बोलावेच लागते. आणि बोलणे आवश्यक आहे, कारण या पुस्तिकेतील मराठी तुमच्यामाझ्या घरची बोली नाही. ‘स्वनिम’ हा शब्द डोळ्यांखालून दहा वेळा गेलेला असतो, तोंडून मात्र एकदाही निघालेला नसतो. ‘काळ’मधील क् च्या जागी ग् आला, की ‘गाळ’ होतो, अर्थ बदलतो. म्हणून क् आणि ग् हे मराठीचे वेगळे स्वनिम. एवढेच सोबत्याला पुस्तक मिटून समजावून पाहा. कुठे अडखळता, ते तेव्हाच कळते.

तेव्हा पहिल्याच सत्रात आपल्या भागातील, शक्य तर आपल्याच पाळीचे, दोन-तीन सोबती शोधा आणि दूरध्वनी क्रमांक घेऊन ठेवा. दुसऱ्या सत्रापर्यंत थांबू नका. तोवर त्यांतले काही येणे बंद झालेले असते.