गांबियाच का?

  सोलापूरच्या एका वाचकाचं पत्र आठ दिवस डोक्यातून जात नाहीये. ते विचारतात : रोहिंग्या मुस्लिमांचा संहार म्यानमारमध्ये झाला, २०१७ मध्ये सात लाखांवर माणसं पळून आली बांगलादेशात, मग हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावायला पश्चिम आफ्रिकेतला चिमुकला गांबियाच कसा पुढे आला?

उत्तराचा अर्धा भाग १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराच्या नवव्या कलमात आहे. या कलमावर माझा फार जीव. करारातल्या दोन देशांत वाद झाला, तर एक जण दुसऱ्याला थेट हेगला खेचू शकतो, असं ते म्हणतं. पण अनेकांनी करारात येतानाच ‘आमची संमती असेल तर’ अशी मेख मारून ठेवली. जो स्वतःला असा मोकळा ठेवतो, त्याला दुसऱ्यालाही खेचता येत नाही. बांगलादेश अडकला तो इथेच. मलेशिया आणि संयुक्त अरब अमिराती यांचंही तेच. इंडोनेशिया तर करारातच नव्हता. भारताचीही ही मेख आहे. १९७३ मध्ये पाकिस्तानने युद्धकैद्यांवरून आपल्याला हेगला नेलं, तेव्हा आपण तीच पुढे केली होती.

म्यानमारने नवव्या कलमाला हात लावला नव्हता, गांबियानेही नाही. पण सौदी अरेबिया आणि तुर्कस्तान यांनीही अशी मेख मारलेली नव्हती. त्यांनी दावा लावला नाही.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग म्हणजे एक माणूस. अबुबकर तंबाडू, गांबियाचे तेव्हाचे कायदामंत्री. रवांडातल्या संहाराचे खटले ज्या न्यायाधिकरणात चालले, तिथे त्यांनी अनेक वर्षं काम केलेलं. मे २०१८ मध्ये इस्लामी सहकार्य संघटनेच्या ढाक्याच्या बैठकीला ते परराष्ट्रमंत्र्यांच्या ऐवजी गेले आणि तिथून कॉक्स बाजारच्या छावण्यांत. निर्वासितांच्या तोंडून जे ऐकलं, ते रवांडात ऐकलेलंच होतं. ५७ देशांच्या या संघटनेने ठराव पुष्कळ केले आहेत. या वेळी ठरावाचा दावा झाला, तो या माणसामुळे. ‘गांबियाचा यात संबंध काय?’ हा म्यानमारचा आक्षेप न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये १५ विरुद्ध १ मतांनी फेटाळला. वंशसंहार रोखणं हे करारातल्या प्रत्येक देशाचं काम आहे, हे त्यातून पक्कं झालं.

पण त्यानंतर अडीच महिन्यांनीच, ६ ऑक्टोबर २०२२ ला, जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेत चीनमधल्या उइघुर मुस्लिमांवरच्या अहवालावर नुसती चर्चा घ्यायची की नाही, यावर मतदान झालं. १७ बाजूने, १९ विरुद्ध. पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, अमिराती विरोधात गेले. मलेशिया तटस्थ, भारत तटस्थ आणि लिहिताना वाईट वाटतं, पण गांबियाही तटस्थच. चर्चा व्हावी म्हणणाऱ्या १७ देशांत इस्लामी सहकार्य संघटनेचा सदस्य एकच होता : सोमालिया.