मुलाचा दाखला, मुलाचीच माहिती

ठाणे असो की कल्याण-डोंबिवली, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाची जन्मतारीख, जात, जन्मस्थळ कायमचे नोंदले जाते. पन्नास वर्षांनी जात पडताळणीलाही हीच नोंद लागते, म्हणून ती जपलीच पाहिजे. पण आता तीच माहिती ‘सरल’ आणि ‘यूडायस प्लस’ या सरकारी पोर्टलवर जाते, आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुणांच्या, थकलेल्या फीच्या याद्याही फिरतात. फीची यादी शंभर घरांत पोचवणे हा मुलावर उघड अन्याय आहे.

2018 च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे सांगितले. विद्यार्थ्याचा बारा अंकी ‘अपार’ ओळख क्रमांकही पालकांच्या संमतीनेच काढायचा असतो. नकार देता येतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठराखालील प्रत्येकजण बालक ठरतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, तरी मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. तोवर थांबू नका. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचा आणि माहिती कोणाकडे जाणार, हे मुख्याध्यापकांना लेखी विचारा.