जुना टीव्ही भंगारात देऊ नका

मुंबईतल्या केबलवरचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबवण्याची मुदत होती ३१ ऑक्टोबर २०१२. महाराष्ट्र-तेलंगण सीमेवरच्या भीमपूरसारख्या ग्रामीण भागाला ती मिळाली ३१ मार्च २०१७ पर्यंत. दूरदर्शननेही २०२२ पर्यंत आपले बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपक बंद केले.

तरी डबा टीव्ही विकण्याची घाई नको. सेट-टॉप बॉक्स आकड्यांतला, म्हणजे डिजिटल, संदेश उलगडून त्याला समजेल असा करून देतो. बॉक्सची तार टीव्हीला जोडायची: पिवळी पिन चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. मग रिमोटवर ‘एव्ही’ निवडायचं.

डिजिटल संदेश दाबून लहान करता येतो, म्हणून एका जुन्या वाहिनीच्या जागेत दहाएक नव्या मावतात. पण पूर्वी संदेश क्षीण झाला तर पडद्यावर मुंग्या यायच्या, बातम्या मात्र ऐकू यायच्या. आता चित्राचे चौकोन फुटतात आणि सगळंच बंद पडतं. म्हणून उपग्रहाचा संदेश घेणारी छत्री नीट बसवणं हेच खरं काम. दूरदर्शनच्या ‘डीडी फ्री डिश’ सेवेचा जीसॅट-१५ उपग्रह भीमपूरहून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंशांवर आहे. त्या रेषेत झाडाची फांदी नको. या सेवेला महिन्याचं भाडं नाही, आणि मराठी सह्याद्री व तेलुगू यादगिरी या दोन्ही वाहिन्या एकाच छत्रीवर मिळतात. सीमेवरच्या मराठी घरांसाठी मला हीच सोय सर्वांत मोलाची वाटते.