पुढचे दात आणि हिरडीची महिरप

समोरचे दात गमावलेला मनुष्य आरशात पाहतो तेव्हा त्याला दातांचीच चिंता वाटते. हिरडीचा विचार सहसा मनात येत नाही. पुढे इम्प्लांट बसतात, त्यांवर शुभ्र ब्रिज चढतो, आणि तरीही हसताना काहीतरी खटकते. दोन दातांच्या मध्ये काळी फट दिसते किंवा एखादा दात अकारण लांब भासतो. दोष दाताचा नसतो. हिरडी मागे सरलेली असते.

याचे कारण हाडात आहे. वरच्या पुढच्या दातांच्या ओठाकडील बाजूस हाडाचा थर बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. दात काढल्यावर तो पहिल्या काही महिन्यांतच झिजतो आणि त्यावर विसावलेली हिरडी त्याच्यामागोमाग खचते. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णास टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, तेव्हापासून कृत्रिम दातास भक्कम पाया लाभला. मात्र हिरडीची नैसर्गिक महिरप राखणे हे वेगळेच कौशल्य ठरले.

अमेरिकेतील दंतवैद्य टार्नो व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये नैसर्गिक दातांचे मोजमाप केले. दोन दात जेथे एकमेकांस टेकतात, तेथून हाडाच्या कडेपर्यंतचे अंतर ५ मिलिमीटर किंवा कमी असता मधली जागा हिरडीने जवळजवळ नेहमीच भरलेली आढळली. ६ मिलिमीटरला ती निम्म्याहून थोड्या अधिक ठिकाणी, तर ७ मिलिमीटरला सुमारे चतुर्थांश ठिकाणीच भरलेली होती. एकेका मिलिमीटरचे मोल असे आहे.

दोन इम्प्लांट अगदी शेजारी असल्यास मधली हिरडी टिकवणे अधिकच अवघड. म्हणून पटाशीचे चारही दात गेले असता पुष्कळदा चाराऐवजी कडेच्या जागी दोनच इम्प्लांट बसवून मधले दोन दात ब्रिजवर पेलतात. या मधल्या दातांचा तळ अंडाकृती घडवून हिरडीवर अलगद टेकवतात. आधी तात्पुरता ब्रिज बसवून, त्याचा आकार हळूहळू बदलत, हिरडीला वळण लावले जाते. ती स्थिरावल्यावरच कायमचा ब्रिज. हिरडी पातळ असल्यास टाळूतील ऊतीचा लहानसा तुकडा तेथे जोडतात. यास काही महिने लागतात. घरच्या लग्नाची तारीख पुढे करून दंतवैद्यास घाई करणे येथे नुकसानीचे ठरते.

जैन कुटुंबांनी आणखी एक चौकशी अवश्य करावी. झिजलेल्या हाडाच्या जागी घालावयाचे काही भराव आणि त्यावरील पडदे गाय किंवा डुक्कर यांच्यापासून बनवलेले असतात. रुग्णाचे स्वतःचे हाड किंवा कृत्रिम भराव हेही पर्याय असतात. आपल्या बाबतीत कोणता योग्य, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे.

खरा निर्णय दात काढण्याआधीचा. हाड आणि हिरडी कशी राखणार, तात्पुरता ब्रिज किती काळ राहणार, ब्रिजखाली स्वच्छता कशी करावयाची, हे प्रश्न तेव्हाच विचारावेत. पुढे तंबाखू वर्ज्य, मधुमेह आटोक्यात, ब्रिजखालची जागा रोज स्वच्छ आणि ठरावीक काळाने तपासणी, एवढे पथ्य हवे. व्यापारात मुद्दल शाबूत राहिले तर व्याज पुन्हा मिळते. येथे हाड आणि हिरडी हे मुद्दल आहे. दात नवा घडवता येतो, पण गेलेली हिरडी परत मिळवणे फार कठीण.