संगणक मिळतो, शिकवणाऱ्याचा पगार मिळत नाही

गरीब ग्रामीण घरांतल्या कर्णबधिर मुलांना संगणक शिकवण्यासाठी पैसा गोळा होतो तो बहुतेक यंत्रांच्या नावाने. यंत्र दिसते, त्याचा फोटो निघतो, त्यावर देणगीदाराचे नाव लावता येते. खरा खर्च मात्र यंत्रानंतर सुरू होतो. सांकेतिक भाषा येणारा शिक्षक, मुलांचा राहण्याचा किंवा प्रवासाचा खर्च, इन्व्हर्टरची बॅटरी आणि दुरुस्ती या खर्चासाठी मात्र देणगीदार सहसा पुढे येत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या सुमारे ५० लाख व्यक्तींची नोंद झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांची श्रवणक्षमता ७० डेसिबल किंवा त्याहून अधिक घटलेली असेल, तर ती व्यक्ती कर्णबधिर ठरते. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. घरात चार-दोन खुणांवर काम भागते; भूक लागली, गुरे सोड, पाणी आण. आईवडील मजुरीवर, त्यातून ऊसतोडीला जाणारे कुटुंब असेल तर वर्षातले पाच-सहा महिने गावाबाहेर. मूल बोलत नाही याकडे ‘उशिरा बोलेल’ म्हणून काणाडोळा होतो आणि तपासणी लांबते. असे मूल निवासी शाळेत पोचते तेव्हा त्याच्याजवळ कुठलीच भाषा पुरती नसते, ना मराठी ना सांकेतिक. पुढची सगळी अडचण इथून निघते.

संगणकाला कान लागत नाहीत, तेव्हा हे काम या मुलांना सोपेच जाणार, अशी एक समजूत आहे. ती अर्धी खरी आहे. माउस, चित्रे, रंग, मांडणी यांत ही मुले झटकन तरबेज होतात. डीटीपी आणि फोटो-संपादनात अनेक जण चांगले काम करतात. अडते ते वाचण्यापाशी. फाइल बंद करताना ‘बदल जतन करायचे का?’ असा प्रश्न पडद्यावर येतो, तोही बहुधा इंग्रजीत. वाक्य न कळल्याने मूल सवयीने एखादे बटण दाबते आणि तासाभराचे काम पुसले जाते. यूट्यूबवरचे फुकट धडे उपशीर्षकांशिवाय निरुपयोगी, आणि उपशीर्षके असली तरी ती वाचता आली पाहिजेत.

वर्ग चालवण्याची रीतही वेगळी ठेवावी लागते. ऐकू येणारे मूल डोळे पडद्यावर ठेवून कानांनी सूचना घेते. कर्णबधिर मुलाला दोन्ही कामे डोळ्यांनीच करायची असतात. शिक्षकाचे हात पाहताना पडदा सुटतो, पडदा पाहताना हात सुटतात. म्हणून आधी माउस सोडायला लावायचा, खोलीतला दिवा दोनदा उघड-झाप करून लक्ष वेधायचे, एक पायरी दाखवायची, मग ती करू द्यायची. मुले अर्धगोलात बसवली तर सगळ्यांना हात दिसतात. वीज गेली की नुसता संगणकच बंद पडत नाही, अंधारात शिकवणेही थांबते. या पद्धतीने आठ-दहा मुलांपेक्षा मोठी तुकडी सांभाळणे कठीण, त्यामुळे दर मुलामागचा खर्च साध्या क्लासपेक्षा बराच जास्त पडतो. देणगीदाराला हा आकडा उधळपट्टी वाटतो. तो तसा नाही.

सरकारी पैशाच्या वाटा आहेत, पण तुटक. कायद्याने ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद असते. तीत साहित्य, प्रवास, मदतनीस असे बरेच काही बसवायचे असते. विशेष शाळा चालवणाऱ्या संस्थांना केंद्राच्या दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेतून अनुदान मागता येते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची आहे. पण ज्या गावाचे स्वउत्पन्नच वर्षाला ४ लाख, तिथे ही रक्कम २० हजार होते आणि बऱ्याच ठिकाणी ती गावातल्या सगळ्या दिव्यांगांत सारखी वाटून टाकली जाते. त्यातून कोणाचे शिक्षण होत नाही. शेजारच्या गावांनी मिळून एका मुलाचा वर्षाचा खर्च उचलला तर निदान काहीतरी हाती लागेल.

मोठा पैसा कंपन्यांकडे आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. उदाहरणार्थ, ज्यांचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटींवर आहे त्या कंपन्या यात येतात. दिव्यांगांचे शिक्षण आणि व्यवसायकौशल्य या कामांच्या यादीत स्पष्ट लिहिलेले आहे. शिवाय काही वर्षे चालणारा प्रकल्प म्हणून हा पैसा टप्प्याटप्प्याने देता येतो, म्हणजे प्रकल्पातल्या शिक्षकाचा पगार त्यात बसतो. तरी मार्चअखेरीस घाईने वाटले जातात ते संगणकच. त्यांतले काही तर कचेरीतून काढलेले जुने असतात. त्यांवर बहुधा विंडोज १० असते आणि त्याची नियमित सुरक्षा-दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. अशा यंत्रांवर लिनक्स टाकून काम भागते, पण ते टाकणारा आणि शिकवणारा माणूस पुन्हा हवाच.

शिकवण्याची साधने गेल्या दहा वर्षांत सुधारली, हे नोंदवायला हवे. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १० हजार शब्द आले, त्यांत तांत्रिक शब्दही आहेत आणि तो सर्वांना मोफत पाहता येतो. तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्थेत कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी संगणकशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम चालतो. शिक्षक मिळाला तर ही मुले कुठवर जातात, याचे उत्तर तिथे आहे.

शिक्षणानंतरची वाट नोकरीकडे जाते. केंद्र व राज्य सरकारच्या नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव असून त्यांतला १ टक्का कर्णबधिर व कमी ऐकू येणाऱ्यांचा आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीसाठी एमएस-सीआयटीसारखे प्रमाणपत्र लागते, लिपिक पदांना टंकलेखनही. दहावी झालेला मुलगा या दोन परीक्षांवाचून अडला, तर राखीव जागा कागदावरच राहते. मुलींचे आणखी कठीण: तालुक्याच्या गावी एकटी पाठवायला घरचे तयार होत नाहीत, म्हणून सोबतीच्या बाईचा किंवा वसतिगृहाचा खर्च अर्थसंकल्पात आधीच धरावा लागतो.

ज्यांना देणगी द्यायची आहे, त्यांनी संस्थेला तीन प्रश्न विचारावेत: शिकवणाऱ्याला सांकेतिक भाषा येते का, त्याचा पगार पुढची तीन वर्षे कुठून येणार, आणि मागच्या तुकडीतली मुले आज काय करतात. उत्तरे पटली तर पैसा पगाराच्या खात्यावर द्यावा, आणि तो धनादेशाने किंवा ऑनलाइन. २ हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर प्राप्तिकराची सवलत मिळत नाही.