मोगऱ्याचा वास, पण मोगरा कुठे?

पवनारच्या वस्तीत घरभेटींना गेलो की आयाबहिणी आम्हाला विचारतात, "सिस्टर, मोगरा अगरबत्तीत खरंच मोगरा असते का?" स्वस्त पुड्यात बहुधा नसतो. असतो तो कारखान्यात जुळवलेला वास.

फुलाचा वास म्हणजे अनेक रसायनांचे मिश्रण. त्यातली मुख्य रसायने कारखान्यात तयार करून ठरावीक प्रमाणात मिसळली की तसाच वास येतो. मोगऱ्यासाठी बेन्झाइल अ‍ॅसिटेट, गुलाबासाठी फेनेथिल अल्कोहोल. मोगऱ्यात इन्डोल अगदी किंचित असते. तेच जास्त झाले तर घाण वास येतो. एक किलो गुलाबतेलाला काही हजार किलो पाकळ्या लागतात, म्हणून जुळवलेला वास स्वस्त पडतो. हे काम जुने आहे. इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन यांनी १८६८ मध्ये कुमारिन बनवले. मुंबईत केळकरांची सुगंधाची कंपनी १९२२ पासून आहे.

मग हा वास विषारी का? कारखान्यातला म्हणून विषारी आणि फुलातला म्हणून निर्धोक, असे नसते. खऱ्या फुलांच्या तेलानेही काहींना खाज सुटते, डोके दुखते. अगरबत्तीत मोठा धोका धुराचा आहे. पुड्यावर 'हर्बल' लिहिले तरी धूर तो धूरच. त्याचे बारीक कण फुप्फुसात खोल जातात. एका खोलीच्या घरात चूल, मच्छर कॉइल आणि अगरबत्ती एकत्र जळली की तान्ही बाळे, गरोदर बाया आणि दमेकरी यांना जास्त त्रास होतो.

म्हणून एवढे करा :

• वंदनेला एकच अगरबत्ती लावा, दार-खिडकी उघडी ठेवा, वंदना झाली की विझवा. घरात दमेकरी असेल तर नुसती फुले वाहा.

• फिनाइलचा वास आला म्हणजे जंतू मेले असे नाही. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी मिसळा.

• सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मुद्दाम घालतात. तो वास मारायला अगरबत्ती कधीही पेटवू नका, भडका उडेल. रेग्युलेटर बंद करा, दारे उघडा, लाइटचे बटण चालू-बंद करू नका. सगळे बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

• धुराने छाती घरघरली, धाप लागली तर माणसाला मोकळ्या हवेत आणा. आराम पडला नाही तर घरी वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात न्या.