ब्रेकचं काम केलं, तरी पेडल मऊ का?

कॅलिपर, होज पाइप किंवा मास्टर सिलिंडर बदलल्यावर पेडल स्पंजासारखं दबत असेल, तर पहिला संशय हवेवर घ्यावा. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो.

आधी पेडलची परीक्षा घ्या. भराभर पंप केल्यावर ते कडक होत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मागच्या ड्रममधले लायनर सैल आहेत. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर बाहेर गळती असते किंवा मास्टर सिलिंडरच्या आतलं सील गेलेलं असतं.

एअर काढूनही फरक पडत नसेल, तर कॅलिपरवरचा एअर काढायचा निपल पाहा. तो वरच्या टोकाला हवा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला, तर निपल खाली येतो आणि हवा वरच अडकते. एबीएस युनिटमध्ये शिरलेली हवा काढायला काही गाड्यांत स्कॅनर जोडावा लागतो. जुने रबरी होज दाबाखाली फुगतात, तेही तपासा.

एअर काढताना टाकीतलं ऑइल संपू देऊ नका, नाहीतर पुन्हा हवा शिरेल. ऑइल नव्या, सीलबंद डब्यातलंच घ्या. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शिरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो.

पेडल कडक लागेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.